आरोग्यातली विषमता मोजायचं सॉफ्टवेअर: आधी परवाना, मग सेटअप

मी एका मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात संख्याशास्त्र बघते. थीसिस जमा करायची तारीख जवळ आली की रात्री अकरानंतर फोन सुरू होतात. "मॅडम, सॉफ्टवेअर उघडतच नाहीये." दहातल्या सात वेळा त्या लॅपटॉपवर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेली, कुलूप तोडलेली कॉपी असते. नाहीतर चाचणी मुदत संपलेली असते.

रागवायचा मला फारसा अधिकार नाही. मी नवी होते तेव्हा एका महागड्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती घेऊन माझं पहिलं मोठं विश्लेषण केलं आणि सगळ्या फायली त्याच्याच फॉरमॅटमध्ये जपल्या. मुदत संपली, आणि सहा आठवड्यांचं काम डोळ्यांसमोर असून हाताला लागेना. शेवटी दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे लाल डब्याने गेले, तिच्या मशीनवर एकेक फाइल उघडली आणि सीएसव्हीत, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या साध्या फॉरमॅटमध्ये, उतरवून घेतली. तेव्हापासून कुणी "काय इन्स्टॉल करू?" विचारलं की मी आधी विचारते, "परवाना कुणाचा, आणि कधीपर्यंत?"

एक सांगून ठेवते. खाली आदेशांची आणि कॉलमांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत जातात, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला कळतो, हे विसरू नका.

परवाने तीन असतात

विद्यार्थी एकच परवाना धरून चालतात, तो म्हणजे प्रोग्रामचा. दुसरा असतो त्यात घालायच्या जोडपॅकेजांचा आणि तिसरा डेटाचा. या तिसऱ्यावरच माणसं जास्त घसरतात.

प्रोग्रामपासून सुरू करू. आर फुकट आहे आणि जीएनयू जीपीएल परवान्याखाली मिळतं. म्हणजे कितीही मशीनवर टाका, कायमचं वापरा, दुसऱ्याला द्या. आरस्टुडिओ ही त्यावर काम करायची खिडकी. तिची डेस्कटॉपची मुक्त आवृत्ती एजीपीएल या तशाच मुक्त परवान्याखाली येते. त्यातल्या कडक अटी सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ते इतरांना वाटणाऱ्यांसाठी किंवा नेटवरून सेवा म्हणून देणाऱ्यांसाठी आहेत. आपल्या लॅपटॉपवर थीसिस करणाऱ्याला त्यांची झळ लागत नाही. आरस्टुडिओ बनवणाऱ्या कंपनीचं नाव 2022 पासून पॉझिट झालं आहे, त्यामुळे डाउनलोडच्या पानावर वेगळंच नाव दिसलं म्हणून परत फिरू नका. तिथे पैसे देऊन घ्यायची उत्पादनंही असतात. आपल्याला फुकटचं डेस्कटॉप हवं.

स्टाटा हेही संख्याशास्त्राचंच सॉफ्टवेअर, पण ते विकत घ्यावं लागतं. घेताना बीई, एसई आणि एमपी या त्याच्या आवृत्त्यांतला फरक किमतीपुरता समजू नका. बीईमध्ये एका फायलीत जास्तीत जास्त 2,048 व्हेरिएबल, म्हणजे कॉलम, मावतात, एसईमध्ये 32,767. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या महिलांच्या फायलीत व्हेरिएबल हजारोंनी आहेत, ती बीईमध्ये अख्खी उघडत नाही. विभागाने स्वस्त म्हणून बीई घेतलं असेल तर फाइल उघडतानाच हवे तेवढे व्हेरिएबल नावानिशी मागायचे, मग चालतं. कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स म्हणजे एखादी गोष्ट गरीब-श्रीमंतांत किती विषम वाटली आहे ते एका आकड्यात सांगणारं माप. त्यासाठी कॉनिंडेक्स नावाचा आदेश आहे. तो वापरकर्त्यांनी लिहिलेला, फुकट आणि वेगळा उतरवून घ्यायचा. पण आदेश फुकट असला तरी खाली स्टाटा परवान्याचंच लागतं.

तिसरं साधन जागतिक आरोग्य संघटनेचं हीट. हे 2016 मध्ये आलं, आणि स्वतःचा डेटा घालता येणारं हीट प्लस त्यानंतर. दोन्ही आतून आरवरच उभी आहेत, पण वापरणाऱ्याला आरची एक ओळही लिहावी लागत नाही. ब्राउझरमध्ये चालतात, पैसे पडत नाहीत. मात्र फुकट आहे म्हणजे अटी नाहीत असं नव्हे. वापराच्या अटींचं पान एकदा नीट वाचा, त्याची पीडीएफ तारखेसह फोल्डरमध्ये ठेवा. आमच्या एका मुलीला तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं होतं. तिने लॅपटॉप फिरवून पान दाखवलं आणि विषय तिथेच संपला.

डेटाचा परवाना

कुटुंब आरोग्य पाहणी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची. काम बघते मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, 6,36,699 कुटुंबं, 7,24,115 स्त्रिया आणि 1,01,839 पुरुष यांची माहिती घेतली, 707 जिल्ह्यांतून. अहवाल आणि जिल्ह्यांची पत्रकं कुणालाही उघडी आहेत. एकेका व्यक्तीची नोंद असलेल्या मूळ फायली मात्र नोंदणी करून, कशासाठी हव्यात ते लिहून मागाव्या लागतात, आणि त्या ज्याने मागितल्या त्याच्यापुरत्या असतात. सीनियरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल वापरलीत तर सॉफ्टवेअर कितीही चोख असो, तुमचा डेटा विनापरवाना. नोंदणी स्वतःच्या नावाने करा, अर्ज सिनॉप्सिस लिहितानाच टाका, आणि मंजुरीचा मेल छापून ठेवा.

कुणी काय घ्यावं

तयार तक्ता हाताशी असेल, म्हणजे गरिबातल्या गरीब गटात इतके टक्के, त्याच्या वरच्या गटात इतके, तर हीट प्लस पुरे. व्यक्तीगणिक नोंदी असतील तर आर. विभागात स्टाटाचा चालू परवाना आणि ते येणारं माणूस दोन्ही असतील तर स्टाटा. यातलं एक नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आर बसवताना

क्रम असा: आधी आर, मग आरस्टुडिओ. उलटं केलं तर आरस्टुडिओ उघडून आरच शोधत बसतं. विंडोजसाठीच्या पानावर 'बेस' लिहिलेला दुवा घ्या. आरटूल्स (मूळ कोडमधून पॅकेजं बांधायची अवजारं) घेऊ नका, सध्या त्याचं काम नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसतो आणि तो ज्यांच्याकडे असतो ते नेमके रजेवर. घाबरू नका, आर आपल्या युजरच्या फोल्डरमध्येही बसतं, सेटअप जागा विचारेल तेव्हा ती द्या. जुनी आवृत्ती मात्र टाकू नका. 4.2 च्या आधीच्या आरला विंडोजवर देवनागरी नीट पेलत नसे. युजरचं नाव मराठीत असलं किंवा डॉक्युमेंट्सचं फोल्डर वनड्राइव्हवर गेलेलं असलं की पॅकेजं बसायला कुरकुर करत. 4.2 पासून पॅकेजांची जागाच बदलली आणि ती कटकट बरीच कमी झाली.

मग पॅकेजं. इन्स्टॉल डॉट पॅकेजेस या आदेशाने तीन घ्या: हेवन, सर्व्हे आणि हेल्थइक्वल. हेवन स्टाटा आणि एसपीएसएसच्या फायली वाचतं. म्हणजे त्या फायली बघायला ती सॉफ्टवेअरं घ्यावी लागत नाहीत. (हे मला त्या लाल डब्याच्या प्रवासाआधी कुणी सांगितलं असतं तर!) सर्व्हे हे नमुना पाहणीची भारांकनं, म्हणजे कोणती नोंद किती लोकांच्या वतीने धरायची ते आकडे, सांभाळतं. हेल्थइक्वलमध्ये विषमतेची मापं तयार आहेत. मध्येच एखादा प्रश्न येईल की अमुक पॅकेजची नवी आवृत्ती सोर्समधून बांधायची का. 'नो' म्हणा. 'येस' म्हटलं की तेच आरटूल्स मागतं आणि लाल अक्षरांचा पाऊस पडतो.

हॉस्पिटलच्या नेटवर डाउनलोड अडत असेल तर फोनचा हॉटस्पॉट लावा. भांडत बसू नका.

मोठी फाइल उघडताना आठ जीबीचा लॅपटॉप गारठतो. हेवनला हवे तेवढेच कॉलम मागा: भारांकनाचा व्ही005, नमुना गटाचा व्ही021, स्तराचा व्ही022, राज्याचा व्ही024, संपत्तीचा व्ही190 आणि तुमच्या विषयाचे दोन-चार. व्ही005 ला दहा लाखांनी भागायचं विसरू नका. आणि राज्याचा क्रमांक जुन्या कोडमधून उचलू नका. चौथ्या फेरीत राज्यं इंग्रजी वर्णानुक्रमाने होती, महाराष्ट्र 20. पाचव्यात जनगणनेचे क्रमांक आले, महाराष्ट्र 27. पाचव्या फेरीच्या फायलीत 20 टाकलं तर झारखंड येतं. एका मुलाने अख्खं प्रकरण झारखंडवर लिहून, वर महाराष्ट्राचं शीर्षक देऊन आणलं होतं.

बसलं का नीट, हे हाताने तपासा

इन्स्टॉल झाल्यावर थेट खऱ्या डेटावर उडी मारू नका. एक खोटा, छोटा तक्ता घ्या. समजा लसीकरण पाच संपत्ती गटांत, गरिबाकडून श्रीमंताकडे, असं आहे: 60, 70, 78, 84, 92 टक्के. लोकसंख्येचा वाटा अनुक्रमे 10, 15, 22, 27, 26 टक्के. श्रीमंत आणि गरीब टोकांतला फरक 32, गुणोत्तर 1.53, हे तोंडी येतं. भारांकित सरासरी 80.26. कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स 0.068 यायला हवा. काही साधनं तोच 100 ने गुणून 6.8 दाखवतात, दचकू नका.

आता वाटे सगळे 20 करा. फरक तोच, गुणोत्तर तेच, पण सरासरी 76.8 होते आणि इंडेक्स 0.081. गटांतली टक्केवारी जराही हलली नाही, तरी विषमता वाढली! हे मुद्दाम करून बघायला सांगते, कारण 'क्विंटाइल' म्हणजे पाच समान भाग असं धरून मुलं सगळीकडे 20 भरतात. पाहणीतले संपत्ती गट देशभराच्या कुटुंबांवरून पाडलेले आहेत. एकट्या महाराष्ट्रात किंवा गोव्यात ते समान उतरत नाहीत. वाटा फायलीतूनच काढायचा.

हीट प्लसच्या साच्यात हाच तक्ता भरताना चार कॉलम जपा. 'फेवरेबल इंडिकेटर'मध्ये लसीकरणासारख्या चांगल्या गोष्टीला 1, उंची खुंटलेल्या मुलांसारख्या वाईट गोष्टीला 0. 'इंडिकेटर स्केल' टक्क्यांना 100, अर्भक मृत्युदराला 1000. 'ऑर्डर्ड डायमेन्शन'मध्ये संपत्ती किंवा शिक्षण असेल तर 1, जिल्हा असेल तर 0. 'सबग्रुप ऑर्डर'मध्ये सगळ्यात गरीब गट 1. जातीच्या वर्गांना मात्र 'ऑर्डर्ड'मध्ये 0 च द्यायचा. अनुसूचित जमाती 1, अनुसूचित जाती 2, ओबीसी 3 असा क्रम लावलेले तक्ते मी दरवर्षी परत पाठवते. तो क्रम डेटात नसतो, भरणाऱ्याच्या डोक्यात असतो. तिथे संदर्भगट, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची तो गट, ठरवून फरक मोजा, कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स काढू नका.

तालुक्याकडून आलेल्या एक्सेलमध्ये आणखी एक गंमत असते: आकडे देवनागरीत. आपल्याला ६० दिसतं, प्रोग्रामला ते अक्षर दिसतं. स्वल्पविराम घातलेली 7,24,115 सारखी संख्याही मजकूर होऊन बसते. दोन्ही आधी साफ करा आणि फाइल जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' निवडा. साधं सीएसव्ही निवडलं तर गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

गेल्या वर्षी एक डॉक्टर असाच तक्ता घेऊन हसत आला. "मॅडम, आमच्या जिल्ह्यात इंडेक्स उणे आलाय. गरिबांना सेवा जास्त मिळते!" मी म्हटलं, "बस." साचा उघडला. सबग्रुप ऑर्डरमध्ये श्रीमंत गट 1 होता. पाच आकडे उलटे केले, उणे चिन्ह गेलं. "मग थीसिसचा निष्कर्ष?" म्हणाला. म्हटलं, तो आता लिहायला घे. आणि पद्धतीच्या प्रकरणात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, परवाना आणि डेटाच्या मंजुरीची तारीख घाल. आरमध्ये सायटेशन आदेश दिला की नाव कसं द्यायचं ते तेच सांगतं.