अमिट्रिप्टिलिनची गोळी चालू आहे? या चुका टाळा

"पाय जळजळतात म्हणून दाखवलं, तर डॉक्टरांनी डोक्याची गोळी दिली. मला काय याड लागलंय व्हय?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य अधूनमधून ऐकू येतंच. पोराने मोबाईलवर नाव टाकून बघितलेलं असतं.

अमिट्रिप्टिलिन १९६१ पासून नैराश्यावर वापरतात, हे खरं. पण मधुमेहामुळे नसांत होणारी जळजळ आणि अर्धशिशी यांवरही ती देतात, तीही बहुधा १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून. नैराश्याचा डोस बराच जास्त असतो. म्हणून शेजाऱ्याच्या पाकिटातली ७५ ची गोळी 'नाव तर तेच' म्हणून घेऊ नका.

दुसरी चूक घाईची. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, सुस्ती मात्र पहिल्या दिवसांतच. मग माणूस चौथ्या दिवशी गोळी सोडतो. एक मामा तर कोरड्या तोंडावर उपाय म्हणून रोज दोन ग्लास उसाचा रस पीत होते. शुगर चढली, पायांची आग होती तिथंच! साधं पाणी घोट घोट प्या.

पहाटे धारा काढायला उठणाऱ्यांनी ही गोळी रात्री अकराला घेतली तर चारला डोळे उघडत नाहीत. संध्याकाळी थोडी लवकर घेता येईल का, डॉक्टरांना विचारा. उठताना आधी काठावर बसा. एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून चक्कर येते. सुस्ती असेल तर गाडी नको.

काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणं, हृदयविकार यांपैकी काही असेल तर आधीच सांगा. सर्दीची गोळी, ट्रामाडॉलसारखं दुखण्याचं औषध मनाने जोडू नका. रविवारच्या रश्श्यासोबतची दारूही नको, झापड दुप्पट होते.

बरं वाटलं म्हणून एकदम बंद केली तर मळमळ, डोकेदुखी, झोपमोड होते. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन करा.

पाकीट फ्रिजवर, देव्हाऱ्यात ठेवू नका, कुलपात ठेवा. जादा गोळ्यांनी हृदयाचे ठोके बिघडतात आणि लहान मुलाला थोड्याच गोळ्या जीवघेण्या ठरतात. तसं झालंच तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा, किंवा कोल्हापुरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय नाहीतर जवळचं मोठं रुग्णालय गाठा. रिकामं पाकीट सोबत न्या.