तिन्हीसांजेला रडणाऱ्या तान्ह्या बाळाला शांत करून कसे झोपवावे

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून बाळाचे रडणे वाढू लागते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत बरेचसे ओसरते. हा चढउतार निरोगी बाळांतही दिसतो. तरीही तिन्हीसांजेला बाळ रडू लागले की ‘आईचे दूध पुरत नाही’ असे घरात लगेच बोलले जाते आणि आधीच थकलेली बाळंतीण आणखी खचते. वजन नीट वाढत असेल आणि दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, तर दूध पुरते आहे असे समजावे.

प्रथम बाळाला नीट पाहावे. भूक, ओला लंगोट आणि अडकलेली ढेकर यांकडे आपले लक्ष जातेच. पण टोपी, मोजे आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेले बाळ उकाड्यानेही रडते, म्हणून मानेवर मागून हात ठेवून ती घामेजली आहे का ते तपासावे. मोजे काढून पायाची बोटेही एकेक करून पाहावीत. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात आणि त्यातला एखादा केस बाळाच्या बोटाला घट्ट आवळून बसतो. बोट लाल होऊन सुजले असेल आणि केस सहज निघत नसेल, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असल्यास, हिरवी उलटी झाल्यास किंवा बाळ दूध ओढेनासे झाल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

यांपैकी काहीच नसेल, तर बाळ बहुधा झोपेला आले आहे आणि त्याला झोप लागत नाही. दीड-दोन महिन्यांचे बाळ सलग तास-सव्वा तास जागे राहिले तरी थकते. ते नजर वळवते, जांभया देते, मुठी आवळते. रडण्याची वाट न पाहता याच वेळी दिवा मंद करून त्याला कुशीत घ्यावे.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून पाच मिनिटे न थांबता, एका लयीत चालावे आणि ते झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे. बाळाची झोप मोडते ती पाठ अंथरुणाला टेकल्यामुळे नव्हे, तर आईच्या अंगापासून ते सुटू लागते त्या क्षणी, असे या अभ्यासात दिसले. आपण घाई करतो ती नेमकी इथेच. ठेवताना शक्य तितका वेळ बाळाला अंगाशी धरून खाली वाकावे, ते टेकल्यावरही एक हात छातीवर राहू द्यावा आणि हलके थोपटत तो सावकाश काढावा.

बाळाला उताणेच झोपवावे. गादी सपाट व घट्ट असावी. डोक्याला आकार यावा म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी कितीही मायेने शिवलेली असली, तरी बाळ झोपलेले असताना जवळ ठेवू नये, कारण उशीने श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळगुटी व ग्राइप वॉटर टाळावे, आणि मध तर वर्षभर चाटवूच नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

रात्री बाळ कण्हते, हातपाय हलवते, क्षणभर कुरकुरते. पुष्कळदा ते झोपेतच असते. लगेच उचलल्याने आपणच त्याला जागे करतो, म्हणून मिनिटभर थांबून पाहावे. खरोखर दूध हवे असेल तर ते अंधुक उजेडात, न बोलता, न खेळवता पाजावे.

सारे करूनही रडणे थांबत नसेल आणि आपला संयम सुटू लागला असेल, तर बाळाला पाळण्यात सुरक्षित उताणे ठेवून पाच-दहा मिनिटे बाजूच्या खोलीत जावे आणि घरातील दुसऱ्या कोणाला हाक मारावी. रागाच्या भरात बाळाला गदगदा हलवल्यास त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पाळण्यात दहा मिनिटे रडल्याने त्याला अशी इजा होत नाही.