कॅलिफोर्नियात नोटरी व्हायचंय? आधी आकडे पाठ करा

आपल्याकडे नोटरी म्हणजे मुरलेला वकील. कॅलिफोर्नियात वकिली लागत नाही. सहा तासांचा कोर्स करून परीक्षा द्यायची. नोटरी नेमणाऱ्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाचं हँडबुक फुकट मिळतं, त्यातले आकडे एका कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवा: नेमणुकीची मुदत ४ वर्षं, बाँड (हमीपत्र) १५,००० डॉलरचा, शपथ आणि बाँड काउंटी (म्हणजे जिल्हा) क्लार्ककडे ३० दिवसांत. हे घोकून जमतं. खरी गल्लत होते ती अ‍ॅक्नॉलेजमेंट (सही आपलीच असल्याची कबुली) आणि जुरॅट (मजकूर खरा असल्याची शपथ) या नोटरीच्या दोन दाखल्यांमध्ये. पहिल्यात सही आधीच झालेली चालते. दुसऱ्यात शपथ घेऊन तुमच्यासमोरच करावी लागते. आणि कुणी पुण्यातल्या फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र घेऊन आलं, तर जर्नलमध्ये, म्हणजे नोटरीच्या नोंदवहीत, उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, मग तो सख्खा शेजारी का असेना.