लहान मुलांना नको त्या गोष्टींपासून कसं जपावं?

चार वर्षांचं मूल मोबाइलवर गाड्यांचं कार्टून बघत बसलेलं असतं. हातातलं काम उरकून आपण येतो, तर पडद्यावर भलतंच काही चालू! मुलाने काही शोधलेलं नसतं. एक व्हिडिओ संपला आणि पुढचा आपोआप लागला, एवढंच. म्हणून सुरुवात इथूनच करा.

१. यूट्यूबवरचं ऑटोप्ले बंद करा. शक्यतो यूट्यूब किड्स वापरा. त्यात ४ वर्षांपर्यंत, ५ ते ८ आणि ९ ते १२ असे वयोगट आहेत. पण नुसता वयोगट निवडून थांबू नका, कारण यंत्राच्या चाळणीतून काही ना काही निसटतंच. फक्त पालकांनी निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेलच दिसतील, अशीही सोय तिथे आहे. अजून शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांसाठी मला तीच योग्य वाटते.

२. फोन हातात देताना अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग किंवा आयफोनवर गायडेड अ‍ॅक्सेस लावा. मग मूल सहजासहजी त्या एका अ‍ॅपबाहेर जात नाही.

३. स्क्रीन सगळ्यांच्या समोर, बैठकीच्या खोलीत ठेवा. हेडफोन नको; काय चाललंय ते आपल्या कानावर पडू दे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास.

४. आता स्वतःकडे बघा. १९६१ साली मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला मारताना ज्यांनी पाहिलं, त्यातल्या अनेकांनी नंतर तसंच मारलं, तेच शब्दही उच्चारले. घरातली भांडणं, फोनवरच्या शिव्या, मुलांसमोर लावलेल्या गुन्ह्यांच्या बातम्या हे सगळं मूल टिपत असतं. त्याने शिवी दिली तर हसू नका, ओरडूही नका. ‘हा शब्द समोरच्याच्या मनाला लागतो, आपण तो वापरत नाही,’ एवढंच सांगा.

५. सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला वेळ द्यावा लागतो: मुलाने आपल्याकडे येऊन सांगितलं पाहिजे. शरीराच्या अवयवांची खरी नावं त्याला लहानपणीच शिकवा, म्हणजे गरज पडली तर नेमकं सांगता येईल. वाढदिवसाची गंमत लपवणं वेगळं आणि ‘आईबाबांना सांगू नकोस’ असं कुणी बजावणं वेगळं, हा फरक समजावून द्या. असं बजावणारं माणूस घरातलं असलं तरी आपल्याला सांगायचं, हे स्पष्ट बोला.

आणि मूल सांगायला आलं की पहिल्यांदा स्वतःचा चेहरा सांभाळा. दचकून फोन हिसकावून घेतलात, तर सांगितल्याची शिक्षा मिळाली असंच त्याला वाटेल, आणि पुढच्या वेळी ते गप्प राहील. ‘बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही,’ असं म्हणा. काय दिसलं, काय वाटलं, ते त्याच्या शब्दांत ऐका. कुणी स्पर्श केल्याचं सांगत असेल तर विश्वास ठेवा, तेच तेच खोदून विचारू नका आणि लगेच बालरोगतज्ज्ञांची किंवा समुपदेशकाची मदत घ्या.

पडद्यावरचंच काही असेल, तर दोन-तीन दिवसांनी झोपताना सहज पुन्हा विचारा. भीती मनात राहिली असेल, तर बहुतेकदा अंधार झाल्यावरच मुलं बोलतात.