चोर सापडल्यावर गावानं काय करावं

मोर्शी तालुक्यातल्या एका संत्र्याच्या गावात मी बावीस वर्षं पोलीस पाटील होते. नव्यानं हे काम अंगावर घेतलेल्या बायामाणसांसाठी आणि तंटामुक्ती समितीत बसणाऱ्यांसाठी माझी रीत लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी दोरी सोडवा. विहिरीवरची केबल कापताना सापडलेल्या पोराला आमच्या लोकांनी समाजमंदिराच्या खांबाला बांधलं होतं. "पाटीलबाई, दोन ठेवू द्या याले, मंग कबूल करते," म्हणणारे माझेच भाऊबंद होते. मी मधे उभी राहिले. मारून घेतलेल्या कबुलीचा खोटेपणा इटलीतल्या मिलानच्या बेकारिया नावाच्या विचारवंतानं गुन्हा आणि शिक्षेवरच्या पुस्तकात १७६४ सालीच दाखवला, तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्याचं म्हणणं असं, की छळ केला तर अंगानं दणकट असलेला गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध माणूस अडकतो. शिक्षा किती कडक आहे याच्यापेक्षा ती नक्की होणार का, यानं माणूस गुन्ह्यापासून दूर राहतो, हेही त्यानंच मांडलं. पुढे १७८६ मध्ये तिकडच्या टस्कनी राज्यानं फाशीच रद्द केली.

आजचा कायदाही तुमच्या हातात फार थोडं देतो. अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर सामान्य माणूस दुसऱ्याला धरून ठेवू शकतो, आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. म्हणून ठाण्याला फोन लगेच करा, चहा नंतर.

दुसरी गोष्ट माझ्या मनाला फार लागलेली आहे. त्या रात्री पोरगा सापडायच्या आधी तीन जणांनी पारधी बेड्याकडे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीकडे, बोट दाखवलं होतं. पोरगा निघाला आमच्याच आळीतला. हे बोट कुठून आलं? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्म अमक्या जमातीत झाला, एवढ्यावर माणसाचं नाव नोंदवहीत चढायचं, त्याला हजेरी द्यावी लागायची, परवान्याशिवाय गाव सोडता यायचं नाही. त्याच १८७१ सालचा कोंडवाड्याचा कायदा आहे. दुसऱ्याच्या वावरात शिरलेलं ढोर कोंडवाड्यात घालायचं, पण मालकानं पैसे भरले की ते तरी सुटायचं. पारध्याला सुटका नव्हती. तो कायदा १९५२ साली गेला, बोट मात्र अजून तसंच उठतं. बैठकीत कुणी जातीचं नाव काढलं तर तिथेच थांबवा आणि विचारा, "तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं?" तेवढंच वहीत लिहा.

मग नुकसान मोजा, आणि ते उजेडी मोजा. मालकाला आणि समोरच्याला घेऊन वावरात जा, मोजायचा टेप लावा, केबलचं बिल मागा, दुकानातून आजचा भाव विचारा. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात, ढोरांनी तूर खाल्ली त्यात, पाणी फुटून शेजाऱ्याचं पीक गेलं त्यात, हीच रीत उपयोगी पडते. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या कायद्यातही आहे, की पाटाचं पाणी मोकळं सोडून शेजाऱ्याचं वावर बुडवलं तर धान्यानं भरपाई द्यायची. डोळ्याला डोळा म्हणून तो प्रसिद्ध झाला, पण मला त्यातला हा धान्याचा हिशेब जास्त शहाणा वाटतो. त्यातली वाईट बाजूही सांगते. सरदाराचा डोळा फोडला तर डोळाच जायचा, साध्या माणसाचा फोडला तर चांदी देऊन भागायचं. तुमच्या बैठकीत सालदाराची केबल आणि बागाईतदाराची केबल एकाच भावानं मोजली गेली पाहिजे.

दंड ठोकून गावजेवण घालायला लावू नका. पाणी, किराणा, बोलणं बंद करणं तर मुळीच नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बाईवरचा अत्याचार, लेकरांवरचा अत्याचार, जातीवरून मारहाण, खून यांवर बैठकच बसवायची नाही, सरळ ठाणं. आणि मालकाला तक्रार द्यायची असेल तर समजुतीच्या नावाखाली त्याचा हात धरू नका, तो त्याचा हक्क आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजारांखालची चोरी पहिल्यांदाच केली आणि माल किंवा त्याची किंमत परत दिली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. ती न्यायालय देतं, समिती नाही. पण हे वाचल्यावर मला आमच्या मोर्शीच्या खुल्या कारागृहाची आठवण झाली. तिथले कैदीही शिक्षा भोगताना शेतात राबतात.

केबलवाल्या पोराचं ठाण्यात नाव गेलं. केबलचे पैसे त्याच्या बापानं तूर विकल्यावर दोन हप्त्यांत दिले. दोन्ही वेळा मी मालकासमोर रक्कम मोजली, वहीत तारीख घातली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. वही आता नव्या पोलीस पाटलांकडे आहे.