स्टेपनीचे ओझे मागच्या दारावरून उतरवताना: ऑफ-रोड गाडीसाठी कॅरियर कसा निवडावा आणि कसा बसवावा

थार, जिमनी, गुरखा किंवा जुनी जिप्सी यांसारख्या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, आणि त्या दाराच्या बिजागऱ्या, पत्रा व लॅच (दार अडकवणारी कडी) हे सारे कंपनीने मूळ टायरचे वजन धरून ठरवलेले असते. पुढे मालक मोठे टायर घालतो, चारही चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट काळजीपूर्वक करून घेतो, पण पाचवे चाक मात्र त्याच जुन्या ब्रॅकेटवर चढवतो. काही महिन्यांनी दार लॅचच्या बाजूला किंचित खाली उतरते, बंद करताना उचलून ढकलावे लागते, खड्ड्यातून जाताना मागून ठक्क असा आवाज येऊ लागतो आणि ब्रॅकेटच्या बोल्टांभोवती केसाएवढ्या बारीक चिरा दिसतात. या चिरा नुसत्या रंगाच्या आहेत असे समजून दुर्लक्ष करू नये. बहुतेक वेळा त्या खालच्या पत्र्याच्या असतात. बाजारात मिळणारा स्वतंत्र कॅरियर, म्हणजे स्टेपनी टांगण्याची मजबूत चौकट, हा यावरचा उपाय आहे, मात्र तो गाडीला शोभतो म्हणून नव्हे, तर वजन कुठून कुठे जाते हे पाहून घेतला पाहिजे.

पहिले काम: चाकाचे वजन आणि बिजागरीचा हिशोब

टायर आणि रिम यांचे एकत्रित वजन अंदाजाने धरू नये. घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवावा, आधी स्वतःचे वजन घ्यावे, मग हवा भरलेले चाक पोटाशी धरून उभे राहावे आणि दोन आकड्यांतली वजाबाकी करावी. नव्या थारमधील २५५/६५ आर १८ या टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो, तर अनेकांना हवासा वाटणाऱ्या २८५/७० आर १७ चा सुमारे ८३१ मिलिमीटर. व्यासातला हा फरक जेमतेम ४ सेंटिमीटरचा असला, तरी मड-टेरेन (चिखलासाठी खोल खाचांच्या) टायरचा जाड रबर आणि लोखंडी रिम यांमुळे वजनातला फरक त्या मानाने बराच मोठा निघू शकतो.

आता दार पूर्ण उघडावे आणि दोन मापे घ्यावीत: बिजागऱ्यांच्या रेषेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर, आणि वरच्या व खालच्या बिजागरीमधले उभे अंतर. समजा पहिले अंतर ६० सेंटिमीटर आणि दुसरे ४० सेंटिमीटर आले. २५ किलोचे चाक असेल तर वरची बिजागरी दाराकडून साधारण ३७.५ किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची तितक्याच जोराने आत दाबली जाते. तेच चाक ४० किलोचे झाले की हा जोर ६० किलोवर जातो, आणि यात दाराचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. गाडी खड्ड्यात आपटते तेव्हा क्षणभर हा भार दुप्पट-तिप्पट होतो. दार बंद असताना लॅच आणि रबरी ठोकळे काही वाटा उचलतात, पण उघड्या दाराला तो आधारही नसतो. हा हिशोब एकदा स्वतः मांडला की पुढची निवड पुष्कळ सोपी होते.

कोणता प्रकार घ्यावा

चाक मूळ मापाहून फार जड नसेल, तर दारावरच बसणारा मजबूत कॅरियर पुरेसा होतो. यात मूळ बिजागऱ्यांच्या जागी जाड ओतीव बिजागऱ्या येतात आणि चाकाचा ब्रॅकेट पत्र्याला न धरता थेट या बिजागऱ्यांना जोडला जातो. दार एकाच हालचालीत उघडते, बंपर बदलावा लागत नाही आणि वजनही फार वाढत नाही. खरेदी करताना ब्रॅकेट दोन्ही बिजागऱ्यांना जोडलेला आहे ना, हे अवश्य पाहावे. नुसता पत्र्यावर पसरलेला जाड तुकडा चिरा थोड्या लांबवतो, थांबवत नाही.

चाक बरेच जड असेल, किंवा सोबत डिझेलचा कॅन आणि हाय-लिफ्ट जॅकही (गाडी खूप वर उचलणारा लांब जॅक) टांगायचा असेल, तर चासीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) जोडलेल्या मागच्या बंपरवरून फिरणाऱ्या हाताचा कॅरियर घ्यावा. दगडधोंड्यांच्या वाटेवर नियमित जाणाऱ्यांना मी हाच प्रकार सुचवेन, कारण यात भार दारावर न येता चासीवर जातो. त्याचा जीव मात्र तीन गोष्टींत असतो: हात ज्या खुंटावर फिरतो तो स्पिंडल, त्यातले बेअरिंग आणि दुसऱ्या टोकाचे लॅच. टेपर रोलर बेअरिंग (निमुळत्या रोलरांचे बेअरिंग) आणि ग्रीस भरण्याचे निपल असलेला स्पिंडल अनेक वर्षे टिकतो. नुसत्या लोखंडी नळीत फिरणारी नळी एका पावसाळ्यातच कुरकुरू लागते. लॅचला दुसरी सुरक्षा-पिन हवीच. माझ्या पहिल्या, स्थानिक कारागिराकडून करून घेतलेल्या कॅरियरला ती नव्हती आणि ताम्हिणी घाटात एका वळणावर तो हात उघडून बाहेर आला. मागून येणाऱ्या गाडीवाल्याने दिवे दाखवून थांबवले म्हणून अनर्थ टळला. तेव्हापासून दुहेरी कुलूप नसलेला कॅरियर मी कुणालाही घेऊ देत नाही. हात उघडा असताना जागीच अडकून राहील अशी सोयही तपासावी, कारण उतारावर उभ्या गाडीत ४० किलोचे चाक वेगाने फिरून माणसाच्या पायावर आदळू शकते.

टो-हिचच्या (मागे ट्रेलर जोडण्याच्या जोडाच्या) चौकोनी नळीत घुसवायचा कॅरियर बसवायला सर्वांत सोपा असला, तरी तो खाली लोंबतो. थारचा डिपार्चर अँगल (मागचा भाग जमिनीला न घासता गाडी जितक्या चढावरून उतरू शकते तो कोन) ३६.८ अंश आणि पाच दारी जिमनीचा ५० अंश आहे, आणि ओढ्यातून वर चढताना नेमका तोच कामाला येतो. तो कमी करणारी वस्तू ऑफ-रोड गाडीला लावणे मला पटत नाही. टपावर चाक ठेवल्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, म्हणून आडव्या उतारावर चालणाऱ्यांनी तो विचार सोडून द्यावा.

हात कोणत्या बाजूला उघडतो हेही पाहावे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतात. त्यामुळे फिरण्याचा खुंट उजवीकडे असेल तर सामान कडेच्या बाजूने सुरक्षित भरता येते. परदेशी बनावटीचे कॅरियर कधी कधी उलट असतात.

पैसे देण्यापूर्वी कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीतील फेरबदलांवर मर्यादा घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेशी विसंगत बदलांबाबत कडक भूमिका घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड व बुल बार (बंपरवर लावायच्या लोखंडी नळ्यांच्या चौकटी) यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते, म्हणून बाहेर आलेल्या टोकदार नळ्यांचा बंपर निवडू नये. टायरचे माप आणि बंपर या दोहोंबाबत आपल्या आरटीओत व विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करून ठेवावी. मागची नंबर प्लेट झाकली जाता कामा नये आणि रात्री ती १५ मीटरवरून वाचता येईल एवढा पांढरा प्रकाश तिच्यावर असावा लागतो. जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, त्यामुळे नव्या बंपरमध्ये त्यांची भोके मूळ उंचीवर आणि मूळ कोनात असली पाहिजेत.

बसवण्याची तयारी

टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना), सॉकेट सेट, टॉर्क्स बिट (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेसाठी), ट्रॉली जॅक, लाकडी फळी, लेव्हल (समतल तपासण्याची पट्टी), निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक), झिंक प्रायमर, ग्रीस आणि पांढरा पेंट मार्कर एवढे साहित्य जवळ असावे. मदतीला दुसरा माणूस हवाच. गाडी सपाट जागी लावून चाकांपुढे-मागे ठोकळे लावावेत. मूळ स्टेपनी काढावी, मग दार उघडून लॅचकडची कड हाताने वर उचलून पाहावी. ती खडखडत वरखाली होत असेल तर बिजागरीची पिन झिजलेली आहे. ते काम आधी उरकावे, नाहीतर नव्या कॅरियरची जुळणी चुकीच्या दारावर होईल.

प्रत्यक्ष जोडणी

फिरत्या हाताचा कॅरियर बसवताना जुना बंपर काढून सेन्सर व दिव्यांच्या वायरींचे कनेक्टर सोडवावेत आणि कोणती वायर कुठे जाते याचे फोटो काढावेत. नवा बंपर फळी ठेवलेल्या जॅकवर उचलून सर्व बोल्ट आधी हातानेच चार-पाच आटे लावावेत. एकही बोल्ट पूर्ण आवळण्यापूर्वी सगळे बोल्ट जागेवर आले पाहिजेत. शक्यतो चासीतली मूळ भोकेच वापरावीत. चासीच्या वरच्या व खालच्या कडेला भोक पाडू नये आणि तिच्यावर वेल्डिंग तर नकोच. पोकळ चासीतून बोल्ट आरपार न्यावा लागला तर आत योग्य लांबीच्या नळीचा तुकडा घालावा, अन्यथा बोल्ट आवळताच चासीच्या भिंती आत दबतात आणि तो बोल्ट पुढे कधीच घट्ट राहत नाही. ड्रिलचा कीस लगेच झाडून काढावा, कारण एका सरीतच त्याचे तांबूस डाग रंगावर बसतात. भोकाच्या उघड्या कडेला झिंक प्रायमर लावावे. कोकणात राहणाऱ्यांनी यात कसूर करू नये, तिथली खारी हवा उघडे लोखंड सोडत नाही.

यानंतर स्पिंडलला दोन बाजूंनी लेव्हल लावावी. खुंट अगदी उभा असला पाहिजे. तो जरा जरी कलला तरी हात आपोआप उघडतो किंवा मिटतो आणि लॅचवर सतत ताण राहतो. खुंट सरळ झाला की बोल्ट आळीपाळीने, सोबतच्या पत्रकात दिलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळावेत. पत्रक नसेल तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या आट्यांच्या एम १० बोल्टला सुमारे ४९ आणि एम १२ बोल्टला सुमारे ८५ न्यूटन-मीटर धरतात. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर मार्करची एक सलग रेघ ओढावी. बोल्ट सैल होऊ लागला तर ही रेघ तुटते आणि पाना न लावता नुसत्या नजरेने कळते.

टेपर बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटींतून पलीकडे येईपर्यंत दाबावे. नट आवळत हात फिरवावा, फिरणे जड वाटले की नट किंचित मागे घेऊन कॉटर पिन (नट फिरू न देणारी दुपाती पिन) घालावी. हात बोटाने फिरावा, पण टोकाला धरून हलवल्यावर खडखडू नये.

आता चाक. रिमच्या भोकांचे माप आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बसवण्याच्या पृष्ठापर्यंतचे अंतर) यांना जुळतील असे स्टड असावेत. उंची ठरवताना एकाने चाक धरावे आणि दुसऱ्याने चालकाच्या जागेवर बसून आरशात पाहावे. हवा तपासता यावी म्हणून व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला येऊ द्यावा. लॅच मिटल्यावर कॅरियरच्या फिरत्या हाताने रबरी ठोकळ्यांवर थोडा दाब दिला पाहिजे. ते पाहण्यासाठी ठोकळ्यांवर खडू घासावा, हात मिटून पुन्हा उघडावा. सर्व ठोकळ्यांचा ठसा समोर सारखा उमटला तर जुळणी बरोबर आहे. एकाचा उमटला नाही तर तिथे वायसर घालून अंतर भरून काढावे. हा दाब नसेल, तर लॅच कितीही घट्ट असले तरी चाक मातीच्या रस्त्यावर हादरत राहते.

नंबर प्लेटचा दिवा, उंचावरचा ब्रेक-दिवा आणि कॅमेरा यांच्या वायरी लवचिक नळीतून न्याव्यात आणि फिरण्याच्या खुंटापाशी त्यांना सैल वळसा द्यावा. हात पूर्ण उघडून वायर ताणत नाही ना, हे पाहूनच पट्ट्या बांधाव्यात.

पहिल्या फेरीनंतर

पहिले २०-३० किलोमीटर खराब रस्त्यावर सावकाश चालवून सर्व रेघा तपासाव्यात, मग १०० आणि ५०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंच पुन्हा लावावा. वेल्डिंगचे जोड पुसून बोटाने चाचपावेत. चीर डोळ्यांआधी नखाला लागते. त्यानंतर दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, निपलमधून जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत ग्रीस भरावे, आणि पाण्यातून गाडी काढली असेल तर पुढच्या वर्षाची वाट न पाहता त्याच आठवड्यात पुन्हा भरावे.