हाताने लिहिलेली १३२ बाइटची फाइल चालत नाही? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत मी पोरांना असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा, शिकवतो. पहिला धडा एवढाच: लिंकर (तुकडे जोडून फाइल बनवणारा प्रोग्राम) नाही, लायब्ररी नाही, हेडरसकट (फाइलच्या माथ्यावरची माहिती) प्रत्येक बाइट नॅस्ममध्ये (असेंब्लीचे बाइट करणारा प्रोग्राम) स्वतः लिहायचा आणि ४२ हा एक्झिट कोड (संपताना प्रोग्राम मागे ठेवतो तो आकडा) देऊन बाहेर पडायचं. हिशेब सरळ आहे. ६४ बिट लिनक्सवर एल्फ (लिनक्सवर चालणाऱ्या फाइलचा साचा) हेडर ६४ बाइट, कोणता भाग मेमरीत कुठे चढवायचा हे सांगणारा एक प्रोग्राम हेडर ५६ बाइट, कोड १२ बाइट. झाले १३२. तरी दर बॅचला तोच फोन येतो, "सर, सेगमेंटेशन फॉल्ट येऊन राह्यला." म्हणजे बहुधा नको त्या मेमरीला हात लावला म्हणून लिनक्सने प्रोग्राम मारला. पोरगं त्या तीन ओळींच्या कोडकडे टक लावून बसलेलं असतं. खोट बहुतेक वेळा तिथे नसते.

बिट्स ६४ लिहायला विसरणे

ही माझी आवडती चूक, कारण हिच्यात नॅस्म तोंडातून चकार शब्द काढत नाही. सपाट बायनरी, म्हणजे लिहिले तेवढेच बाइट असलेली फाइल, मागितली, की नॅस्म १६ बिटचा कोड धरून चालतो. वर बिट्स ६४ ही ओळ नसेल तरी फाइल तयार होते आणि चालवली की आपटते.

मागच्या रब्बीत एका पोराने यावर तीन दिवस काढले. मी त्याला म्हटलं, फाइलचे सगळे बाइट चौकटीच्या वहीत उतरव, एका चौकटीत एक. त्याला ते पटलं नव्हतं. "कायले सर, स्क्रीनवर तर दिसूनच राह्यलं ना" असं म्हणून गेला. मग एका रात्री साडेअकराला फोन. पंपाला रात्रीची लाइन होती, हा हरभऱ्याला ओलीत करायला शेतात गेलेला, धुऱ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात वही मोजत होता. "सर, १३४ भरून राह्यले. दोन जास्तीचे आहेत. दोन्ही ६६."

तिथेच उलगडा झाला. ४२ भरण्याची सूचना हवी होती हेक्समध्ये (१६ च्या पायावर) बीएफ २ए ०० ०० ००, अशी पाच बाइटची. नॅस्मने पुढे ६६ जोडला होता. १६ बिटात त्या ६६ चा अर्थ 'या वेळी ३२ बिट घे'. ६४ बिटात त्याच ६६ चा अर्थ 'या वेळी १६ बिट घे'. म्हणजे प्रोसेसरने ४२ चे दोनच बाइट उचलले आणि उरलेले ०० ०० ही नवी सूचना समजून वाचली: आरएएक्स या रजिस्टरमधल्या (प्रोसेसरमधला आकडा ठेवायचा खण) पत्त्यावर बेरीज कर. सुरुवातीला आरएएक्स शून्य. शून्य पत्ता आपल्या बापाचा नाही, त्यामुळे प्रोग्राम जागीच आडवा.

यात थोडा दोष माझाही. ४२ ठेवायला ६४ बिटचं आरडीआय रजिस्टर नको, त्याचा ३२ बिटचा भाग ईडीआय लिहा, असं मीच शिकवलं होतं. त्याने आरडीआय लिहिलं असतं, तर १६ बिटात हे चालत नाही म्हणून नॅस्मनेच अडवलं असतं. आता मी चालवण्याआधी फाइलचा आकार बघतो. १३२ नसेल तर पुढचं बोलायचंच नाही.

कोड १२० व्या बाइटपासून, म्हणून ऑफसेटही १२०

इथे मी स्वतः दोन रात्री घालवल्या आहेत. हेडर मेमरीत कशाला न्यायचं, असं वाटून मी प्रोग्राम हेडरात ऑफसेट (फाइलच्या कितव्या बाइटपासून चढवायचं) १२० आणि मेमरीतला पत्ता हेक्स ४००००० लिहिला होता. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरी ४०९६ बाइटच्या पानापानाने जोडतो. ऑफसेट आणि पत्ता, दोघांना ४०९६ ने भागल्यावर बाकी सारखी उरायला हवी. इथे एकाची १२०, दुसऱ्याची शून्य. कर्नलला हे कळेपर्यंत त्याने जुना प्रोग्राम पुसलेला असतो, शेलला (जिथे आपण आज्ञा टाइप करतो) साधी चूक कळवायची सोय उरत नाही, म्हणून तो सेगफॉल्टनेच मारतो. तुमची एकही सूचना चाललेली नसते. एसट्रेस (कर्नलकडे गेलेल्या मागण्या दाखवणारं साधन) लावून बघा: एक्झेकव्हीईच्या (प्रोग्राम सुरू करण्याची मागणी) ओळीवरच 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' दिसेल. मी ऑफसेट शून्य ठेवतो, हेडरसकट सगळी फाइल ४००००० वर चढवतो आणि एंट्री (पहिल्या सूचनेचा पत्ता) ४०००७८ देतो. हेक्स ७८ म्हणजेच १२०.

बाकीच्या चुका पटापट

३२ बिटचा प्रोग्राम हेडर उचलून खाने नुसते मोठे करू नका. ३२ बिटात फ्लॅग्ज (वाचणे, लिहिणे, चालवणे यांची परवानगी) शेवटून दुसरे येतात, ६४ बिटात टाइपच्या लगेच नंतर.

हेक्स एडिटरमध्ये लिहिताना धाकटा बाइट आधी. मशीनचा (प्रोसेसरच्या प्रकाराचा) आकडा ६२, तो ३ई ०० असा. उलटा लिहिला तर 'एक्झेक फॉरमॅट एरर'.

६४ बिटच्या सिसकॉलमध्ये (कर्नलकडे करायच्या मागण्या) एक्झिट ६० आहे. जुन्या नोट्समधला १ टाकला तर ते राइट (लिहिणे) होतं, प्रोग्राम थांबत नाही आणि पुढच्या शून्यांत जाऊन पडतो. शेवटी रेट (बोलावणाऱ्याकडे परत जा ही सूचना) लिहिणाऱ्यांनाही सांगतो: तुम्हाला कोणी बोलावलंच नाही, तर परत जाणार कुठे? स्टॅकच्या माथ्यावर आर्ग्युमेंटची संख्या (नुसतं नाव दिलं तर १) असते, रेट तिलाच परतीचा पत्ता धरतं, म्हणजे उडी थेट पत्ता १ वर.

पेनड्राइव्ह फॅटचा असेल तर त्यावर चमॉडचा (फाइल चालवण्याची परवानगी देणारी आज्ञा) उपयोग नाही. फाइल होममध्ये आणा, मग चालवा.

आणि ते ४५ बाइटचं वेड. ३२ बिटात हेडरवर हेडर चढवून ४५ बाइटची चालणारी फाइल लोकांनी करून दाखवली आहे, कौतुकाचंच काम आहे. पण ज्याची १३२ ची फाइल अजून उभी राहत नाही, तो पहिल्याच आठवड्यात ४५ वर उडी मारतो तेव्हा माझं डोकं तापतं. अशा पोरांच्या फाइली मी उघडतही नाही.

ओलितवाल्या पोराचं ४२ त्या पहाटे आलं. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, "सर, आता शून्य दाखवून राह्यला!" त्याने डॉलर-प्रश्नचिन्ह (मागच्या आज्ञेचा एक्झिट कोड) दोनदा एको केलं, म्हणजे छापलं, होतं. दुसरं उत्तर पहिल्या एकोचं होतं.